बँकेने कापलेले 28 हजार, पुराचं पाणी आणि घराचा विमा

प्रश्न : आम्ही सांगलीत सूर्यवंशी प्लॉटच्या बाजूला राहतो. तळमजला जुना आहे, वरच्या दोन खोल्या 2022 मध्ये कर्ज काढून बांधल्या. 2019 च्या पुरात तळमजला पूर्ण पाण्याखाली होता आणि 2021 ला पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळा फ्रीज, कपाटं, गाद्या, माझी शिलाई मशीन, सगळं गेलं. मी घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. गिऱ्हाइकांच्या साड्या भिजल्या, त्यांचे पैसे पदरचे भरले. आता ओळखीतला एजंट घराचा विमा घ्या म्हणून मागे लागलाय. यजमान म्हणतात, कर्ज घेताना बँकेने विम्याचे 28 हजार कापलेत, परत कशाला? शिवाय पूर आला तर सरकार देतंच. घर यजमान आणि दीर दोघांच्या नावावर आहे. मुलगा पुण्यात सिंहगड रोडला मित्रांबरोबर तळमजल्यावर भाड्याने राहतो. त्याचा मालक म्हणतो, विम्याचं तुमचं तुम्ही बघा. भाडेकरूला विमा मिळतो का? आणि नदीकाठच्या घराला कंपन्या विमा देतात तरी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, यजमानांचे दोन्ही मुद्दे आधी निकाली काढू. घराचा विमा राहून जातो तो बहुतेक ठिकाणी याच दोन समजुतींमुळे.

कर्ज देताना बँकेत विम्याच्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी गळ्यात पडतात. एक म्हणजे कर्जदाराच्या आयुष्याचा विमा. कर्जदाराचं बरं-वाईट झालं तर उरलेलं कर्ज कंपनी फेडते. दुसरा घराच्या इमारतीचा विमा. एकरकमी 28 हजार कापलेत म्हणजे तो पहिल्या प्रकारचा असण्याचीच शक्यता जास्त. तसं असेल तर घरात छतापर्यंत पाणी आलं तरी त्यातून एक रुपया मिळायचा नाही. यजमानांना बँकेत पाठवा आणि पॉलिसीचा कागद मागायला सांगा. ‘काळजी करू नका, तुमचा विमा आहे’ असं काउंटरवरचं तोंडी उत्तर घेऊन परत येऊ देऊ नका.

कागद इमारतीचा निघाला तर तीन गोष्टी बघा. विम्याची रक्कम किती आहे? बऱ्याचदा ती फक्त कर्जाएवढी असते. म्हणजे वरच्या दोन खोल्यांपुरतं कर्ज असेल तर जुना तळमजला, जिथे पाणी येतं तोच, उघडा राहिला असेल. घरातलं सामान धरलंय का? आणि पूर धरलाय का? तुमचं कर्ज 2022 चं आहे आणि 2021 पासूनच्या ठरावीक मसुद्याच्या पॉलिसीत पूर असतोच (ते पुढे सांगते), त्यामुळे शेवटच्या प्रश्नाची तुम्हाला फारशी धास्ती नाही. पण 2021 च्या आधीची दीर्घ मुदतीची पॉलिसी ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती जरूर काढून वाचावी. जुन्या आगीच्या पॉलिसीत वादळ, पूर आणि पाणी साचणं हा गट वगळून प्रीमियम कमी करता यायचा, आणि काहींनी तो वगळलेला आहे. अशा पॉलिसीत आगीला पैसे मिळतील, पण कृष्णामाईने दार ठोठावलं तर मिळणार नाहीत. आणखी एक. कर्ज चालू असेपर्यंत इमारतीच्या नुकसानीच्या पैशांवर पहिला हक्क बँकेचा लागतो. दावा मंजूर झाला की रक्कम थेट तुमच्या हातात पडेल असं धरून चालू नका.

आता सरकारी मदत. ती मिळते, मिळायलाच हवी आणि पंचनामा करून घेण्यात कधी आळस करू नये. पण ती मदत आहे, भरपाई नव्हे. 2019 ला शहरातल्या पूरग्रस्त कुटुंबाला 15 हजार आणि ग्रामीण भागात 10 हजार रुपये सानुग्रह अनुदान जाहीर झालं होतं. त्यात तुमचं काय काय आलं ते तुम्हीच आठवा. आपत्ती निधीचे 2022 ते 2026 या काळासाठीचे केंद्राचे निकष बघितले तर सपाट भागातलं पक्कं घर पूर्ण पडलं तर 1 लाख 20 हजार, आणि अंशतः पडझड असेल तर 6,500 रुपये. कपड्यांसाठी कुटुंबामागे 2,500, भांड्यांसाठी 2,500. राज्य सरकार आपल्या बाजूने त्यात कधी भर घालतं, पण रकमेचा अंदाज यावरून येईल. सांगलीच्या पुरात आरसीसी घरं सहसा पडत नाहीत. ती आठवडाभर पाण्यात उभी राहतात आणि आतलं सगळं सडतं. सरकारी निकषांत सगळ्यात कमी पैसे नेमके याच नुकसानीला आहेत.

म्हणून एजंटचा सल्ला, त्याला कमिशन मिळत असलं तरी, चुकीचा नाही. मात्र तो काय विकतोय ते नीट बघून घ्या. तुम्हाला हवी त्या पॉलिसीचं नाव ‘भारत गृह रक्षा’. विमा नियामक आयआरडीएआयने 1 एप्रिल 2021 पासून ही ठरावीक मसुद्याची पॉलिसी आणली, आणि आगीचा विमा देणाऱ्या सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ती ठेवायचीच, असं बंधन घातलं. सरकारी कंपनी असो की खासगी, मूळ मजकूर तोच. त्यामुळे चार कंपन्यांचे दर मागवून तुलना करणं सोपं आहे. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, पाणी साचणं, दरड, दंगल, पाण्याची टाकी फुटणं, सगळं त्यात आधीपासूनच असतं. पुरासाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागत नाही. कोणी ‘फ्लड कव्हर’ म्हणून वेगळे पैसे सांगत असेल तर ते नेमकं कशाचे आहेत, हे लेखी मागा.

रक्कम ठरवताना लोक गोंधळतात ते इथे. घराची बाजारातली किंमत विसरा, कारण तिच्यात जागेची किंमत असते आणि जागा वाहून जात नाही. विमा उतरवायचा तो बांधकामाच्या खर्चाचा. समजा तुमच्या खालच्या-वरच्या मिळून सगळ्या खोल्यांचा कार्पेट एरिया, म्हणजे भिंती सोडून आतली वापरायची जागा, 1,000 चौरस फूट आहे आणि आज तसंच घर बांधायला फुटाला 2,000 रुपये लागतात. मग इमारतीची रक्कम झाली 20 लाख. दर तुमच्या गवंड्याला किंवा ठेकेदाराला विचारा, 2022 चं बिल असेलच. इमारतीचा विमा घेतला की घरातलं सामान आपोआप त्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत धरलं जातं, कमाल 10 लाख. म्हणजे या उदाहरणात 4 लाख.

तुमच्या बाबतीत मी याच आकड्यावर जास्त वेळ घालवीन. दोन पुरांत तुमच्या भिंती टिकल्या, गेलं ते सामान. तेव्हा एका दुपारी वही घेऊन बसा आणि तळमजल्यावरची एकेक खोली लिहून काढा. फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्ही, मिक्सर, दिवाण, गाद्या, कपाटं, त्यातले कपडे, देवघर, गॅसची शेगडी, इन्व्हर्टर, पाण्याची मोटर. आज नवीन घ्यायचं तर काय पडेल तो आकडा समोर टाका. बेरीज 4 लाखांच्या पुढे गेली तर यादी देऊन सामानाची रक्कम वाढवून घ्या, त्याचा वाढीव प्रीमियम फार नसतो. सामान लिहिताना आपण हात आखडता घेतो. पुरानंतर बादल्यांपासून पायपुसण्यापर्यंत सगळं नव्याने घ्यावं लागतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

या पॉलिसीतली एक सोय खरोखर चांगली आहे. पूर्वी घराचा विमा कमी रकमेचा निघाला की कंपनी त्याच प्रमाणात दाव्याला कात्री लावायची. निम्म्याच रकमेचा विमा असेल तर नुकसानही निम्मंच मिळायचं. भारत गृह रक्षात ही कात्री नाही. नुकसान विम्याच्या रकमेत बसत असेल तर ते पूर्ण धरतात. याचा अर्थ मुद्दाम कमी रक्कम लिहायची असा घेऊ नका. कार्पेट एरिया खोटा सांगितला तर वाद होणारच.

सोनं-चांदी मात्र या सामानात येत नाही. त्यासाठी मौल्यवान वस्तूंचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. एकूण 5 लाखांपर्यंत आणि एक दागिना 1 लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखला मागत नाहीत. हल्लीच्या सोन्याच्या भावात एका पाटलीलाही 1 लाख पुरायचा नाही, त्यामुळे सराफाकडून दाखला करून घेणं बरं. रोख रक्कम, कागदपत्रं, चेक, शेअर प्रमाणपत्रं आणि वाहनं यांना हा विमा लागू नाही. गाडीचं बोलायचं तर स्कूटरला फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुरात ती गेली ती गेलीच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग असलेली पॉलिसीच तिथे उपयोगी. आणि पाण्यात बुडालेली गाडी कधीही किक मारून बघू नका. इंजिनात पाणी असताना चालू केली की नुकसान तुमच्यामुळे झालं म्हणायला कंपनी मोकळी.

लोकांना माहीत नसलेल्या दोन गोष्टी याच कागदात असतात. घर राहण्याजोगं नसेल तोवर दुसरीकडे घ्याव्या लागलेल्या जागेचं भाडं इमारतीच्या विम्यात धरलेलं आहे. मिरजेला किंवा विश्रामबागेत महिनाभर खोली घेतली तर भाडेपावती जपून ठेवा. दुसरं म्हणजे मलबा आणि गाळ काढण्याचा खर्च, दाव्याच्या रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत. रक्कम मोठी नाही. पण कृष्णेचा तो चिकट काळा गाळ फावड्याने काढायला माणसं लावली की दिवसाची मजुरी किती होते, हे ज्याने दिलीय त्यालाच कळतं. शिवाय, पुरानंतर 7 दिवसांच्या आत घरात चोरी झाली तर तीही धरतात. बंद घरं फोडणारे पाणी ओसरायचीच वाट बघत असतात, हे आपल्याकडे पाहिलेलं आहे.

घर दोघांच्या नावावर आहे ना? मग पॉलिसीत दोघांचीही नावं घाला, किंवा दिरांचा हिस्सा आहे हे प्रस्तावात, म्हणजे विमा घेताना भरायच्या अर्जात, स्पष्ट लिहा आणि बँकेचं नावही टाका. दीर प्रीमियम भरत नाहीत म्हणून त्यांचं नाव वगळायचा मोह होतो. पण इमारतीचा दावा मंजूर होताना मालकीचे कागद मागतात, तेव्हा हा विषय निघतोच. घरातली भांडणं विमा कंपनीच्या टेबलावर मांडायची वेळ येऊ देऊ नका.

आता तुमच्या शिलाईकडे वळते, कारण पत्रातली ही एकच ओळ मला खरी काळजीची वाटली. भारत गृह रक्षा राहत्या घराचा आणि घरच्या सामानाचा विमा आहे. धंद्याची मशीन, पिकोची मशीन, अस्तराचे तागे आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइकांच्या साड्या त्यात येतील असं धरू नका. त्या साड्या तुमच्या मालकीच्या नाहीत, विश्वासाने ठेवलेल्या आहेत. एखादी पैठणी भिजली की भरपाई मागणारी बाई तुमच्या दारात येते, विमा कंपनीच्या नाही. अशा छोट्या धंद्यांसाठी त्याच वेळी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आली, एका जागी 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. तुमचा धंदा तिच्या तळाशी कुठेतरी असेल, हरकत नाही. प्रस्ताव भरताना घरातूनच काम चालतं, एवढ्या मशीन आहेत आणि ‘दुसऱ्याचा माल माझ्या ताब्यात असतो’ हे लिहायला विसरू नका. तो शब्द नसेल तर साड्या पुन्हा तुमच्याच पदराला. मशीनची बिलं नसतील तर मॉडेल आणि नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवा. साड्या घेताना पावती फाडत नसाल तर आजपासून सुरू करा: नाव, तारीख, साडीचा प्रकार, अंदाजे किंमत. विमा नाही घेतलात तरी ती वही उपयोगी पडेल.

मुलाचा प्रश्न सोपा आहे. हो, भाडेकरूला विमा मिळतो. इमारत मालकाची, तिचा विमा मालकाने उतरवायचा किंवा सोसायटीने. सोसायटीचं म्हणाल तर सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांत, म्हणजे आदर्श उपविधींत, आग आणि भूकंपाचा विमा उतरवायला सांगितलंय, पुराचा उल्लेख तिथे नाही. त्यामुळे सोसायटीत विमा आहे म्हणजे पूरही आहे, असं होत नाही, आणि असला तरी तो भिंतींचा. आतलं सामान भाडेकरूचं, त्याच्यासाठी भारत गृह रक्षातलाच फक्त सामानाचा भाग घेता येतो. इथे ते आपोआप मिळणारे 20 टक्के नाहीत, कारण इमारतच नाही. जेवढी रक्कम लिहाल तेवढीच. पर्यायी जागेचं भाडं इमारतीच्या विम्याला जोडलेलं आहे. तेव्हा फक्त सामानाचा विमा घेताना ते मिळेल असं मुलाने गृहीत धरू नये, विचारून घ्यावं.

25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत पहाटे लोक झोपेत असताना घरांत पाणी शिरलं. तिथे तळमजल्यावर राहणाऱ्याने हा विषय हसण्यावारी नेऊ नये. मित्रांबरोबर राहतो म्हणालात, तर पॉलिसीत आपलंच सामान लिहायचं. मित्राचा टीव्ही त्याच्या नावाने. कंपनीचा लॅपटॉप कंपनीचा, त्याचं काय करायचं ते ऑफिसला विचारावं. बाइकचं वर सांगितलंच. भाडेकरार नोंदवलेला असला तर पत्त्याचा पुरावा म्हणून तो पुरतो. आणि खरं सांगू का, त्याच्याकडे जेमतेम लाखाचं सामान असेल, तर त्याने आधी लॅपटॉप आणि प्रमाणपत्रं रात्री जमिनीवर ठेवायची सवय सोडावी. विमा त्यानंतर.

नदीकाठच्या घराला विमा देतात का, हे तुम्ही विचारलंत. देतात. पण आधी दोनदा पाणी आलं होतं का, असं प्रस्तावात विचारलं तर खरं सांगायचं. एजंट म्हणेल, ‘ते लिहू नका, उगाच दर वाढेल.’ ऐकू नका. सूर्यवंशी प्लॉटमध्ये 2019 ला पाणी आलं होतं हे शोधायला कंपनीला पाच मिनिटं लागतात. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी निघाली तर सगळी पॉलिसीच अडचणीत. दर थोडा जास्त पडला तरी चालेल. 20 लाखांच्या घराचा वर्षाचा प्रीमियम साधारण चार आकड्यांत बसतो, वर 18 टक्के जीएसटी. पूर आला नाही तर ते पैसे गेले, परत काही मिळत नाही, हे यजमानांना आधीच सांगून ठेवा. 10 वर्षांपर्यंत एकदम घेता येते. दीर्घ मुदतीत इमारतीची रक्कम दर वर्षी 10 टक्क्यांनी आपोआप वाढते, बांधकामाचा खर्च वाढत राहतो म्हणून.

घ्यायची ती उन्हाळ्यातच. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45. पण तुमच्या भागातल्या सखल घरांत पाणी त्याच्या आधीच येतं, हे तुम्हाला पाठ आहे. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि मग एजंटला फोन केला, असं चालत नाही. प्रीमियम कंपनीकडे पोचल्याशिवाय विम्याचं संरक्षण सुरू होत नाही. आणि संकट समोर दिसत असताना कंपनी नवी पॉलिसी देईलच याची खात्री नाही. पॉलिसी आली की सुरू होण्याची तारीख बघा, पत्ता बघा, कार्पेट एरिया बघा. मग मोबाइलवर खोलीखोलीचा व्हिडिओ काढा, कपाटं उघडून, उपकरणांच्या मागच्या नंबरपट्ट्या दिसतील असा, आणि तो मुलाला पाठवून ठेवा. कागद कपाटात ठेवले तर कपाटाबरोबर जातात.

दावा करायची वेळ आलीच तर पाणी घरात असतानाच कंपनीला कळवा, फोन आणि मेल दोन्ही. घरात परतल्यावर पहिलं काम झाडू मारायचं नाही. भिंतीवर पाण्याची रेघ उठलेली असते, तिथे मोजपट्टी लावून फोटो घ्या. फ्रीज आडवा पडला असेल तर तसाच टिपा, मग नंबरपट्टी पुसून तिचा फोटो. कंपनीने नेमलेला सर्व्हेअर नुकसान बघायला येईपर्यंत मोठ्या वस्तू टाकू नका. गाद्या आणि धान्य कुजून वास सुटतो, महापालिकेच्या गाड्या कचरा न्यायला दारात उभ्या असतात, सगळं ठेवणं शक्य नसतं. तेव्हा फोटो काढून ‘आरोग्याच्या कारणाने या वस्तू टाकत आहोत’ असा दोन ओळींचा मेल कंपनीला करा आणि मगच द्या. पंचनाम्याची प्रत मागून घ्या, ती सरकारी मदतीला आणि दाव्याला दोन्हीकडे चालते. आणि एक बारीक गोष्ट. पावसात छत गळणं, वर्षानुवर्षांची ओल, भिंतीला आलेली बुरशी हे पूर नव्हे. ते त्याच दाव्यात घुसवलं की सर्व्हेअरचा खऱ्या नुकसानीवरचाही विश्वास उडतो.

कंपनीने नाकारलं किंवा तुटपुंजं दिलं तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. सांगलीसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज मराठीतही चालेल. फक्त कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं असतं.